पाण्याला जाणे ते पाणी येणे : घरगुती नळाच्या तोटीचा इतिहास



श्रीकमळेश्वराच्या या गावी, ज्या गुरुजींच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला आपण चालवीत आहात, त्यांच्या नावाने दोन शब्द बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी विद्यालयाचा ऋणी आहे. आयुष्यभर मराठी शिकवलेल्या माणसाने संतवाङ्मयावर किंवा शाहिरी कवितेवर बोलावे अशी अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. त्याऐवजी घरातल्या नळाच्या तोटीवर आणि तिच्या दुरुस्तीवर बोलायचे मी ठरवले, तेव्हा विषय कळताच संयोजकांपैकी एकाने मोठ्या अदबीने विचारले, “सर, नळ म्हणजे नल-दमयंतीतला ना?” त्यांना मी सांगितले, की तो नव्हे, मोरीतला.

आपला इतिहास बहुधा गड, तह आणि राजवटी यांचा लिहिला जातो. पेडणे महाल सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगिजांकडे १७८८ साली गेला, १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, ३० मे १९८७ रोजी गोव्याला घटक राज्याचा दर्जा मिळाला, हे इथला शाळकरी मुलगाही सांगेल. परंतु या दोनशे वर्षांत कोरगावच्या घरातले पाणी कोठून आले, ते कोणी आणले, आणि ते ज्या तोटीतून आज पडते ती बिघडली तर नीट कोण करते, हा प्रश्न इतिहासाच्या पुस्तकात सापडत नाही. वस्तुतः राजवट बदलल्याने सामान्य माणसाच्या दिनक्रमात जेवढा पालट झाला, त्याहून मोठा पालट घरात नळ आल्याने झाला. त्यात स्त्रियांच्या दिनक्रमात तर निश्चितच.

या पालटाची पहिली साक्ष मी भाषेतून देतो. तो माझा प्रांत आहे. आपल्या आजीच्या बोलण्यात ‘पाण्याला जाणे’ हा प्रयोग होता. “ती पाण्याक गेली” असे कोणी म्हटले, की ती कोठे गेली असेल, किती वेळाने येईल, वाटेत कोणाशी बोलेल, हे सगळे ऐकणाऱ्याला कळत असे. आज तो प्रयोग जवळजवळ मावळला आहे. त्याच्या जागी ‘पाणी आले’, ‘पाणी गेले’, ‘आज पाणी नाही’ हे प्रयोग रूढ झाले. पूर्वी पाणी आपल्या जागी होते आणि माणूस त्याच्याकडे जात होता. आता माणूस घरी बसून असतो आणि पाण्याने त्याच्याकडे यावे अशी अपेक्षा असते. क्रियापदाचा कर्ता बदलला. जेव्हा एखाद्या भाषेत कर्ता बदलतो, तेव्हा समाजात काहीतरी मोठे घडलेले असते.

आता मूळ शब्दांकडे पाहू. ‘नळ’ या शब्दाचे नाते संस्कृतातील ‘नड’ किंवा ‘नल’ म्हणजे बोरू, पोकळ वेत, याच्याशी आहे. म्हणजे नळ हा मुळात पोकळ नळी. पाणी अडवणारे यंत्र नव्हे. ‘तोटी’ या शब्दाचे नाते ‘त्रोटि’ म्हणजे चोच या शब्दाशी जोडले जाते, आणि तोटीचा आकार पाहिला की ते मनाला पटते. ‘चावी’ हा शब्द मात्र पोर्तुगिजांकडून, त्यांच्या ‘शावि’ या किल्लीवाचक शब्दावरून, मराठीत आला. ‘बालदी’ आणि ‘पिंप’ हेही त्याच वाटेने आले. गंमत अशी, की नळाची चावी, त्याखाली ठेवायची बालदी आणि पाणी साठवायचे पिंप हे तिन्ही शब्द पोर्तुगिजांनी दिले. पण माझ्या बालपणी, त्यांच्या राजवटीच्या अखेरच्या वर्षांत, आमच्या पेडणे भागातल्या घरात नळ काही आला नव्हता. शब्द आधी आले, वस्तू मागाहून आली.

या सर्वांत धाकटा शब्द म्हणजे ‘वायसर’. इंग्रजी ‘वॉशर’चे हे आपल्या कारागिरांनी केलेले रूप. कोशकारांनी त्याला फारसे जवळ केले नसले, तरी या लहानशा चकतीकडे मी आपले लक्ष पुन्हा पुन्हा वेधणार आहे.

नळ जुना आहे. तोटी त्या मानाने आपल्याकडे फार नवी आहे. हा फरक नीट समजून घेतला पाहिजे. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने आजच्या छत्रपती संभाजीनगरास, म्हणजे तेव्हाच्या खडकीस, नहर बांधून जमिनीखालून पाणी आणले. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून पुण्यात बंदिस्त मार्गाने पाणी आले आणि ते शहरातल्या हौदांतून खेळू लागले. या दोन्ही योजना आपल्या पूर्वजांच्या बुद्धीची साक्ष देतात. परंतु त्यांत पाणी अखंड वाहत असे. ते हौदात पडे, हौद भरला की पुढच्या हौदाकडे जाई. आपल्या देवळांच्या तळीवरचे गोमुख हेही तसेच, रात्रंदिवस वाहणारे. पणजीत ‘बोका द व्हाका’ म्हणजे ‘गाईचे मुख’ या नावाचा झरा आहे. भाषा पोर्तुगीज असली तरी कल्पना आपल्या गोमुखाचीच. त्याच शहरातल्या फोंतेंय या वस्तीचे नावही झऱ्यावरूनच पडले आहे.

गोमुखाला चावी नसते. आमच्या कुळागरात पोफळीच्या खोडाची पन्हळ करून झऱ्याचे पाणी डोणीत सोडलेले असे. तिलाही चावी नव्हती. पाणी वाहते ठेवणे ही जुनी युक्ती. हवे तेव्हा सोडणे आणि नको तेव्हा थांबवणे ही वेगळी युक्ती, आणि तोटी हे त्या युक्तीचे यंत्र आहे. तोटी पाणी आणत नाही. ती पाण्याला थांबायला लावते. जी तोटी थांबवू शकत नाही ती तोटी राहत नाही, ती पुन्हा पन्हळ होते.

जगाच्या पाठीवर हे यंत्र पुरातन आहे. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरात काशाच्या तोट्या सापडल्या आहेत. त्यांची रचना साधी होती. आडव्या नळीत एक उभा खुंट बसवलेला. खुंटाला आरपार भोक. खुंट पाव फेरा फिरवला की भोक नळीच्या रेषेत येते आणि पाणी वाहते, आणखी पाव फेरा फिरवला की बंद. शेकडो वर्षे हीच रचना चालली. पण एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातल्या शहरांत मोठ्या दाबाने पाणी पुरवले जाऊ लागले, तेव्हा ही तोटी अपुरी पडली. दाबाखाली खुंट झिजून गळू लागे. शिवाय वेगाने वाहणारे पाणी एका झटक्यात अडवले की सगळ्या नळाला आतून दणका बसे आणि सांधे उखडत.

यावर उपाय निघाला तो पिळाच्या आट्यांचा. १८४५ साली इंग्लंडातील रॉदरहॅम येथील गेस्ट अँड क्राइम्स या कारखान्याच्या नावावर आटे फिरवून बंद करायच्या तोटीचे एकस्व नोंदले गेले. या तोटीत वरची मूठ फिरवली की आतला दांडा आट्यांवरून हळूहळू खाली उतरतो आणि त्याच्या टोकाची मऊ चकती पाण्याच्या वाटेवर दाबून बसते. पाणी क्रमाक्रमाने कमी होत थांबते, म्हणून दणका बसत नाही. ती मऊ चकती म्हणजेच आपला वायसर. तो आधी चामड्याचा असे, पुढे रबराचा झाला. या रचनेचे खरे वैशिष्ट्य असे, की झिजणारा भाग मुद्दाम स्वस्त, लहान आणि सहज बदलता येईल असा ठेवला होता. धातूची तोटी टिकावी म्हणून चामड्याची चकती झिजायची, आणि ती झिजली की नवी घालायची. दुरुस्ती ही त्या यंत्राच्या मूळ कल्पनेचाच भाग होती.

आपल्या बाजूला ही तोटी मुंबईने प्रथम मोठ्या प्रमाणावर पाहिली. १८६० च्या सुमारास विहार तलावाचे पाणी नळांनी मुंबई शहरात आले. कोकणातून आणि आमच्या पेडण्यातून पोटासाठी मुंबईला गेलेला माणूस चाळीत राहू लागला, तेव्हा त्याच्या पहिल्या नवलाईंपैकी एक हा नळ असला पाहिजे. गावी विहिरीवर रहाटाची करकर ऐकत वाढलेल्या माणसाला भिंतीतून पाणी येते हे पाहून काय वाटले असेल, याची आज आपल्याला कल्पना करावी लागते.

येथे एका गंभीर गोष्टीचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. पाण्याला जाणे सर्वांसाठी सारखे नव्हते. जोतीराव फुले यांनी १८६८ साली आपल्या घराचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना खुला केला, तेव्हा ती क्रांती ठरली. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने घेतले. त्या ओंजळभर पाण्यावरून दहा वर्षे खटला चालला, आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाने तळ्यावरचा त्यांचा हक्क मान्य केला. पुढे आपल्या संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात सार्वजनिक निधीतून राखलेल्या विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांच्या वापरास कोणालाही जात, धर्म वा लिंग यांवरून मज्जाव करता येणार नाही, असे नमूद झाले. तेथे विहिरीचे नाव आहे, तलावाचे आहे, नळाचे नाही. १९५० साली भारतातील बहुसंख्य खेड्यांत नळच नव्हता, हे त्याचे कारण असावे.

नळाने एक गोष्ट निश्चित केली. विहिरीत ज्याचा पोहरा पडेल त्याच्या स्पर्शाचा वाद होता. तोटीतून पडणाऱ्या धारेला मागचे काही चिकटत नाही. जुन्या समजुतीची सबब यंत्रानेच काढून घेतली. मात्र समजूत त्यामुळे आपोआप गेली असे नाही. धारेला स्पर्श होत नसला तरी चावीला होतो, आणि रांगेत कोणी कोणाच्या मागे उभे राहायचे हा प्रश्न उरतोच. पण ज्या दिवशी नळ प्रत्येकाच्या घरात गेला, त्या दिवशी रांगही संपली. घरातील नळाचे हे सामाजिक मोल ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ओंजळ पसरून उभे राहावे लागले त्यांना विचारावे. माझ्यासारख्या, घरची बांय असलेल्या कुटुंबात वाढलेल्या माणसाने ते कमी लेखू नये.

आता आपल्या प्रदेशाकडे वळतो. उत्तरेस तेरेखोल, दक्षिणेस शापोरा, पश्चिमेस समुद्र, अशा बेचक्यात आपला पेडणे तालुका वसला आहे. वर्षाला सुमारे १२० इंच पाऊस पडतो. तरीही एप्रिल-मे महिन्यांत बायका रिकाम्या घागरी घेऊन उभ्या राहतात, हे कोडे बाहेरच्या माणसाला उलगडत नाही. जांभा दगड पाणी पटकन पितो आणि पटकन सोडून देतो. खाड्यांत भरतीचे खारे पाणी आत शिरते. त्यामुळे गोड्या पाण्याची बांय, झर आणि तळी यांना येथे देवस्थानाइतका मान होता. शेजारच्या डिचोली तालुक्याची कथा आणखी वेगळी. तेथे लोहखनिजासाठी भूजलाच्या पातळीखालपर्यंत खड्डे खणले गेले, त्यांतले पाणी पंपांनी उपसून टाकले गेले, आणि भोवतालच्या गावांतल्या विहिरींनी तळ गाठला. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील खाणकाम थांबवले. पण ज्या विहिरी आटल्या त्या गावांना तोवर नळावाचून गत्यंतर उरले नव्हते.

गोव्यात सार्वजनिक जलपुरवठ्याचा मोठा प्रकल्प पोर्तुगीज राजवटीच्या अखेरीस, १९५७ साली, खांडेपार नदीवर ओपा येथे उभा राहिला. मुक्तीनंतर अस्नोडा, साळावली, साखळी आणि आपल्या तालुक्यात चांदेल अशी केंद्रे झाली. चांदेलच्या केंद्राची क्षमता दिवसाला दीड कोटी लिटर अशी ठरवलेली होती. सह्याद्रीत उगम पावणारी तिळारी नदी गोव्यात शिरून शापोरा होते. तिच्यावर महाराष्ट्र आणि गोवा या दोन राज्यांनी संयुक्त धरण उभारले, आणि त्या कालव्याचे पाणी या भागाचा आधार बनले. म्हणजे कोरगावच्या मोरीत पडणाऱ्या धारेमागे दोन राज्ये, एक धरण, कालवा, शुद्धीकरणाच्या टाक्या आणि मैलोगणती नळ उभे आहेत. एवढ्या मोठ्या खटाटोपाचे शेवटचे टोक म्हणजे अर्ध्या इंचाची ती पितळी तोटी.

पेडण्याच्या खेड्यांत नळ आधी रस्त्याच्या कडेला आला. सिमेंटच्या खांबाला एक तोटी, खाली एक चौथरा, आणि भोवती घागरींची रांग. मग तो अंगणात आला, अंगणातून न्हाणीत, आणि न्हाणीतून स्वयंपाकघरात. पंतप्रधानांनी १५ ऑगस्ट २०१९ रोजी जल जीवन मिशनची घोषणा केली. ऑक्टोबर २०२० मध्ये ग्रामीण भागातील प्रत्येक घराला नळजोडणी देणारे पहिले राज्य म्हणून गोव्याचे नाव जाहीर झाले, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये ग्रामसभांच्या ठरावांनंतर त्यावर प्रमाणपत्राची मोहोर उठली. ही कामगिरी लहान नाही. परंतु नळजोडणी आणि पाणी या दोन गोष्टी आहेत, हे पेडणेकरांना कोणी शिकवायला नको. तोटी आहे आणि तिच्यातून हवा येते, अशी सकाळ आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेली आहे.

आणि येथेच आपला मूळ विषय, दुरुस्तीचा, पुढे येतो. पाणी अखंड येत असेल तर तोटी दीर्घकाळ टिकते. ते मध्येच येते आणि मध्येच जाते, तेव्हा रिकाम्या नळात हवा शिरते, गंज सुटतो, रेती वाहून येते. पाणी पुन्हा आले की ही सगळी घाण जोराने तोटीकडे धावते. वायसर आणि ज्या कडेवर तो टेकतो ती कडा यांच्यामध्ये रेतीचा एखादा कण अडकला, की तोटी गळू लागते. घरातला माणूस काय करतो? चावी आणखी जोराने आवळतो. कण रबरात रुततो, धातूच्या कडेवर ओरखडा उठतो, आणि जी गळती एका वायसरने थांबली असती ती आता वायसर बदलूनही थांबत नाही. म्हणून गळणाऱ्या तोटीवर जोर लावू नये, हा या शास्त्राचा पहिला नियम होय.

आमच्या तरुणपणी ही दुरुस्ती घरोघर होत असे. आधी मुख्य कॉक बंद करायचा. मग तोटीची मूठ काढून डोक्याचा षट्कोनी भाग पान्याने उलटा फिरवायचा. तोटीच्या अंगाला दुसऱ्या हाताने आधार द्यायचा, नाहीतर भिंतीतला नळच पिळवटतो. दांडा बाहेर आला की टोकाचा वायसर दिसे, मध्ये खोल वर्तुळ पडलेला. तयार वायसर हाताशी नसला तर जुन्या चपलेच्या तळव्याचा तुकडा गोल कापून घालीत. दांड्याच्या मुळाशी पाणी पाझरत असेल तर तेथे तेल लावलेला सुती दोरा गुंडाळीत. नळाच्या आट्यांवर सुतळी आणि सफेता चढवून सांधा घट्ट करीत. पुढे त्याची जागा टेफ्लॉनच्या पांढऱ्या फितीने घेतली. पाऊण तासाचे काम, आणि खर्च जवळजवळ नाही.

मग दुरुस्तीची जागा बदलीने कशी घेतली? “माणसे आळशी झाली” असे एक उत्तर वडीलधारी मंडळी देतात. मला ते पटत नाही. कारणे अधिक खोल आहेत. पहिले कारण रचनेत आहे. आज सर्वत्र दिसणाऱ्या चकचकीत, पाव फेऱ्याच्या तोटीत रबरी वायसर नसतो. चिनी मातीसारख्या कठीण पदार्थाच्या दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर सरकतात. ही रचना उत्तम आहे, ती वर्षानुवर्षे गळत नाही. पण बिघडली की आतली सबंध डबी बदलावी लागते, आणि प्रत्येक कंपनीच्या डबीचे माप निराळे. ती पेडण्याच्या दुकानात मिळेलच असे नाही; नवी तोटी मात्र हटकून मिळते. दुसरे कारण मजुरीचे. एका वायसरसाठी येण्याजाण्यात कारागिराचा अर्धा दिवस मोडतो. तेवढ्या वेळात तो नवी तोटी बसवून अधिक कमावतो. यात त्याचा दोष काय?

हा कारागीर बहुधा दूरवरून आलेला असतो. ओडिशातील केंद्रापाडा जिल्हा, विशेषतः पट्टामुंडई हा भाग, भारतभरच्या नळकारागिरांचे माहेर मानला जातो. त्या गावी नळकामाचे शिक्षण देणारी सरकारी संस्थाही आहे. एका जिल्ह्याने एक विद्या जतन केली आणि सगळ्या देशाची घरे तिच्यावर चालली, ही केवढी अभिमानाची गोष्ट! आपल्या गावात मात्र पाना धरण्याला आपण कमी दर्जाचे मानले, आणि मग कारागीर मिळत नाही म्हणून हळहळू लागलो.

तिसरे कारण धातूचे, आणि त्यात बदलीची बाजू खरी आहे हे मान्य केले पाहिजे. जांभ्यातून झिरपलेले आपल्या विहिरींचे पाणी मृदू आणि किंचित आम्लधर्मी असते. अशा पाण्यात हलक्या प्रतीच्या पितळेतले जस्त हळूहळू विरघळून जाते आणि मागे तांब्याचा सच्छिद्र, तांबूस सांगाडा उरतो. तोटी बाहेरून शाबूत दिसते. पान्याच्या पहिल्या जोराला मोडते. अशी तोटी दुरुस्त करीत बसणे शहाणपणाचे नाही. ती बदललीच पाहिजे. कोणती वस्तू दुरुस्त करावी आणि कोणती टाकून द्यावी, हे ओळखणे हेच दुरुस्तीच्या विद्येचे सार आहे. सरसकट टाकणारा आणि सरसकट सांभाळणारा, दोघेही त्या विद्येला मुकलेले असतात.

माझ्याच घरचे उदाहरण सांगतो. काही वर्षांपूर्वी न्हाणीतली एक तोटी गळू लागली. आलेल्या माणसाने ती न उघडताच “ही गेली, बदला” असा निकाल दिला. मी त्याला वरचे डोके उघडून पाहण्याची विनंती केली. आत वायसर चिरलेला, पण कडा आणि आटे अगदी निर्दोष. जुन्या बाजारातल्या भांड्यांच्या दुकानात शोध घेतल्यावर दोन-तीन रुपयांचा वायसर मिळाला. ती तोटी आजही चालू आहे. मला त्या माणसाचा राग आला नाही. त्याने तोटी बसवण्याचे काम शिकलेले होते, ती उघडून निदान करण्याचे त्याला कोणी शिकवलेच नव्हते.

या सगळ्याने बिघडते काय, असा प्रश्न कोणी विचारील. एक साधा हिशेब करू. तोटीतून सेकंदाला एक थेंब पडतो असे धरा. दिवसाचे ८६,४०० थेंब होतात. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर रोज चार लिटरांहून अधिक, आणि वर्षाला सुमारे दीड हजार लिटर पाणी जाते. बारा लिटरांची घागर धरली तर एकशेतीस घागरी. आता ही संख्या लिटरांत न मोजता पावलांत मोजा. माझी आई बांयीवरून घागर कमरेवर घेऊन यायची. तिने एकशेतीस खेपा घातल्या असत्या तेवढे पाणी एक तोटी वर्षभरात, कोणी न पाहता, मोरीत सोडून देते. पाण्याला जाणारी बाई वाटेत घागर हिंदकळू देत नसे, कारण प्रत्येक थेंब तिच्या कमरेने मोजलेला होता. पाणी येऊ लागल्यावर तो मोजणारा देह उरला नाही. सप्टेंबर २०२१ पासून गोव्यात दरमहा १६,००० लिटरपर्यंतचे पाणी विनामूल्य देण्याची योजना सुरू झाली, तेव्हा लहान कुटुंबांच्या देयकातूनही तो मोजणारा हात निघून गेला. गरिबाला पाणी परवडले पाहिजे, याबद्दल वाद नाही. पण ज्या वस्तूचे मोल ना देहाला कळते ना पैशाला, ती जपायची कशाच्या आधारावर, याचे उत्तर समाजाला शोधावे लागेल. ते उत्तर मला विद्येत, म्हणजे जाणतेपणात, दिसते.

एक धोका मी स्वतःच दाखवून ठेवतो. आमच्या वयाच्या माणसांना बांयीवरचा काळ रम्य वाटतो. तो रम्य होता तो आम्हां मुलांना. पाणी ओढणाऱ्या बायकांना नव्हे. रहाटाचे सूर त्यांच्या तळहातांवरच्या घट्ट्यांतून निघत होते. म्हणून नळ नको होता, परत बांयीकडे चला, असे मी म्हणणार नाही. माझे म्हणणे इतकेच, की जे सुख एवढ्या कष्टांनंतर घरात आले, त्याची देखभाल करण्याची विद्याही घरात असावी. बांय होती तेव्हा तिचा गाळ दरवर्षी काढला जाई, आणि त्या दिवशी सगळा वाडा एकत्र येई. नळ सरकारचा झाला आणि बांय कोणाचीच उरली नाही. आपण नळ टिकवावा आणि बांयही बुजू देऊ नये. नळ कोरडा पडतो त्या दिवशी तीच धावून येते.

या विद्यालयाला मी एक छोटी सूचना करून थांबतो. आपल्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या आहेत. तिथेच एका फळीवर कापून उघडी केलेली एक जुनी तोटी, एक पाव फेऱ्याची नवी तोटी, दोन पाने, सुतळी, फीत आणि मूठभर वायसर ठेवावेत. आठवी-नववीच्या प्रत्येक मुलाने आणि प्रत्येक मुलीने शाळा सोडण्यापूर्वी एकदा तरी तोटी उघडून, वायसर बदलून, परत बसवलेली असावी. आट्यांमुळे बल कसे वाढते, पाण्याचा दाब म्हणजे काय, पितळ कशाने झिजते, हे तीन धडे त्या एका कामात येऊन जातात; आणि भाषेच्या शिक्षकांसाठी ‘चावी’ आणि ‘तोटी’ आहेतच. मुंबईत आणि आखातात इमारतींच्या कामांवर राबून आलेले अनेक माजी विद्यार्थी या सभागृहात बसले आहेत. वर्षातून एक दिवस त्यांनी मुलांसमोर उभे राहून हे काम करून दाखवले, तर ज्या गुरुजींच्या नावाने आपण जमलो आहोत त्यांना तो समारंभ निश्चितच आवडेल. शिकवलेले हातात उतरले पाहिजे, असेच शिक्षकाला नेहमी वाटत असते.